नागपूरच्या घरासाठी तांबे: छप्पर, दर्शनी भिंत आणि हाताशी येणारे भाग

आपण बेसा परिसरात दुमजली घर बांधत आहात. वरच्या मजल्यावरचे उतरते छप्पर, पोर्चची छत्री आणि रस्त्याकडची एक भिंत तांब्याच्या पत्र्याने मढवावी, असे आपल्या मनात आहे. परदेशी इमारतींच्या छायाचित्रांत दिसतो तसा हिरवा रंग किती वर्षांत येईल, उन्हाळ्यात घर तापेल का आणि हा खर्च करावा का, असे आपण विचारले आहे. विदर्भात वास्तुविशारद म्हणून काम करताना धातूच्या छपरांशी आणि दर्शनी कामांशी माझा बराच संबंध आला आहे, त्या आधारे उत्तर देतो. मत आधीच सांगतो: नागपुरात तांबे घ्यायचे तर तपकिरी रंगासाठी घ्यावे, हिरव्यासाठी नव्हे, आणि पैसा मोठ्या क्षेत्रफळावर पसरण्याऐवजी थोड्या जागेत, पण जोडणीच्या कामात घालावा.

रंगाची गोष्ट आधी घेऊ, कारण बहुतेक अपेक्षाभंग तिथेच होतो. नवा पत्रा गुलाबीसर केशरी चमकतो. काही आठवड्यांत त्यावर क्युप्रस ऑक्साइडचा पातळ थर चढू लागतो आणि पत्रा आधी विटकरी, मग चॉकलेटी होत जातो. हवेत गंधकाची संयुगे आणि पुरेसा ओलावा असेल, तर पुढे याच थरावर तांब्याचे बेसिक सल्फेट तयार होते, आणि तोच तो प्रसिद्ध हिरवा थर. समुद्रकाठी क्लोराइडही त्यात भाग घेतात. हा थर म्हणजे मोरचूद (साधे कॉपर सल्फेट) नव्हे. मोरचूद पाण्यात विरघळते, तर हा थर पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पत्र्याला घट्ट धरून राहतो आणि खालच्या धातूचे रक्षण करतो. म्हणूनच उघड्या हवेत तांबे वर्षाला साधारण 1 मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी झिजते आणि 0.7 मिलिमीटरचा पत्रा नीट बसवला तर शंभर वर्षे सहज काढतो.

मात्र हिरवे होण्यासाठी पत्रा पुष्कळ काळ ओला राहावा लागतो. समुद्रकाठी हा रंग 10 वर्षांच्या आत-बाहेर येतो. कोरड्या हवेत 25-30 वर्षे लागतात, कधी तो येतच नाही. आपल्याकडे पावसाचे चार महिने सोडले तर हवा कोरडी असते आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारची आर्द्रता 25 टक्क्यांच्याही खाली जाते. कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रांमुळे उत्तरेकडे हवेत गंधक असते हे खरे, परंतु ओलाव्याशिवाय नुसत्या गंधकाने काम होत नाही. बेसा तर शहराच्या दक्षिण टोकाला आहे. त्यातही उभ्या भिंतीवरून पाणी लगेच ओघळून जात असल्याने भिंत छपराच्या कितीतरी मागे राहते. आपल्या घरावर निदान पहिली 20-25 वर्षे गडद तपकिरी रंगच राहील असे मी धरून चालतो, आणि तो रंग आपल्या उन्हात फार सुंदर दिसतो: सकाळी तांबूस, दुपारी जवळजवळ काळा, तिरप्या उन्हात पुन्हा उजळ.

ज्या इमारतींची छायाचित्रे पाहून हिरव्या रंगाची ओढ लागते, त्यांतील कित्येकांचा रंग हवेने दिलेला नसून कारखान्यात रासायनिक प्रक्रियेने दिलेला असतो. फ्रँक लॉइड राइट यांनी अमेरिकेतील बार्टल्सव्हिल येथे 1956 मध्ये पूर्ण केलेल्या प्राइस टॉवरवरचे तांबे आधीच हिरवे करून लावलेले होते. बर्लिनमधील नॉर्डिक देशांच्या दूतावासांना 1999 मध्ये वेढणारी हिरवी भिंतही अशाच तयार पत्र्यांची आहे. याउलट हर्झोग आणि द म्युरॉन यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील द यंग संग्रहालयाला, जे 2005 मध्ये खुले झाले, साध्या तांब्याचे हजारो छिद्रांकित आणि ठोकलेले पत्रे लावले आणि रंग हवेवर सोपवला. पण तिथे प्रशांत महासागराचे धुके रोज दाराशी येते. याच वास्तुविशारदांनी 1994 मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे बांधलेली रेल्वेची सिग्नल इमारत मला अधिक शिकवणारी वाटते. सुमारे 20 सेंटिमीटर रुंदीच्या तांब्याच्या पट्ट्यांनी ती सबंध गुंडाळली आहे आणि खिडक्यांच्या जागी त्याच पट्ट्या किंचित पिळून आत उजेड घेतला आहे. विजेच्या क्षेत्रापासून आतील उपकरणांचे रक्षण करण्याचे कामही तेच आवरण करते. ती इमारत तपकिरी असतानाच नावाजली गेली. आपल्याला हिरवाच हवा असेल तर तयार हिरवा पत्रा घ्यावा लागेल. तो महाग पडतो, आणि आंबट द्रावणे शिंपडून जागेवरच हिरवा करून देण्याच्या स्थानिक उपायांवर मी भरवसा ठेवत नाही, कारण तो थर पहिल्या दोन पावसाळ्यांत पोपडे धरतो.

चमक टिकवायची असेल, तर बाहेरच्या कामाला लॅकर (पारदर्शक रोगण) मारू नये. आपल्या उन्हात तो काही वर्षांत फुटतो, फुटलेल्या जागी तांबे काळे पडते, उरलेल्या जागी चमकत राहते आणि भिंत कोड फुटल्यासारखी दिसते. सोनेरी छटा टिकवायची इच्छा असल्यास तांबे, ॲल्युमिनियम आणि जस्त यांचा मिश्रधातू मिळतो. तोही निस्तेज होतो, पण सोनेरीपणा बऱ्याच अंशी राखतो. चिंच किंवा भांड्यांची पावडर लावून दर्शनी पत्रा घासण्याचा मोह मात्र घरातल्या सर्वांनी टाळावा, कारण प्रत्येक घासणीत तयार झालेला रक्षक थर निघून जातो आणि काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

आता ऊन. नवे तांबे बरेच ऊन परतवते, पण शोषलेली उष्णता बाहेर टाकण्यात फार मंद असते, आणि तपकिरी झाल्यावर ते ऊन अधिक शोषू लागते. 45 अंशांच्या मे महिन्यात दुपारी पत्रा 70-75 अंशांवर जाणार हे गृहीत धरावे. म्हणून घर तापेल की नाही हे तांब्यावर नव्हे, त्याच्या खाली काय आहे यावर ठरते. पत्र्याखाली बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारे) प्लायवुड, त्याखाली वळचणीपासून आढ्यापर्यंत आरपार किमान 50 मिलिमीटरची हवेची पोकळी आणि तिच्याखाली 75 ते 100 मिलिमीटर रॉकवूल (दगडी तंतूंचा उष्णतारोधक थर), असा थर मी सुचवतो. पोकळीतली तापलेली हवा आढ्यावाटे बाहेर पडली पाहिजे. आढे बंद केले तर पोकळीचा उपयोग राहत नाही. हा थर नीट झाला तर आपले छप्पर उघड्या स्लॅबपेक्षा गार राहील. प्लायवर पत्रा पूर्ण टेकलेला असला की पावसाचा आवाज कमी होतो आणि फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीत पोचेही कमी पडतात.

सगळ्यांत जास्त लक्ष मी पत्र्याच्या हालचालीकडे देतो. तांबे दर मीटरला, दर अंशाला 0.017 मिलिमीटर वाढते. आकडा क्षुल्लक वाटतो. पण डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे 8 अंश आणि मेच्या दुपारी 75 अंश, असा 67 अंशांचा फरक धरला तर 10 मीटर लांबीची पट्टी वर्षभरात 11 मिलिमीटरहून अधिक लांब-आखूड होते. आपल्या छपराच्या उताराची लांबी 6 मीटर असेल, तर 7 मिलिमीटर. ही हालचाल अडवली तर पत्रा फुगतो, खिळ्याची छिद्रे लांबट होतात आणि काही वर्षांत घडीच्या कोपऱ्यात बारीक चीर पडते. म्हणून तांब्याच्या छपरावर वरून दिसेल असा एकही स्क्रू नसावा.

जोडणी कशी असते ते नीट सांगतो, कारण निविदेत हेच तपासायचे आहे. शेजारच्या दोन पट्ट्यांच्या कडा उभ्या करतात. एक कड दुसरीवर दुमडतात आणि मग दोन्ही मिळून पुन्हा एकदा दुमडतात, म्हणजे साधारण 25 मिलिमीटर उंचीची दुहेरी उभी घडी तयार होते. या घडीच्या पोटात तांब्याचे किंवा स्टेनलेस स्टीलचे क्लिट, म्हणजे पत्रा धरून ठेवणारे छोटे तुकडे, अडकवलेले असतात आणि फक्त क्लिट खाली प्लायला ठोकलेले असतात. पत्र्याला खिळा लागतच नाही. पट्टीच्या एका ठराविक भागातले क्लिट घट्ट असतात आणि उरलेले सरकते, त्यामुळे पत्रा एका जागी धरून दोन्ही बाजूंना मोकळा वाढतो. कारागीर चांगला असेल तर घडी मारताना तो आवाजावरून ओळखतो की पत्रा खाली बसला की पोकळ राहिला. अर्धकठीण प्रतीचा पत्रा घ्यावा. पूर्ण मऊ पत्रा पायाखाली दबतो आणि पूर्ण कठीण पत्रा घडीत तडकतो. या पद्धतीला 3 अंशांपेक्षा कमी उतार चालत नाही, पण आपल्याकडच्या सरींचा जोर पाहता मी 7-8 अंशांच्या खाली जात नाही. आढ्याजवळ, चिमणीभोवती आणि भिंतीला जिथे छप्पर भिडते तिथे पत्रा किमान 150 मिलिमीटर वर चढवून भिंतीत खाच घेऊन अडकवावा.

बसवताना हातमोजे सक्तीचे करावेत. मे महिन्यात घामेजल्या तळव्याने नवा पत्रा उचलला की त्या वेळी काहीच दिसत नाही. आठवड्याभरात मात्र चारही बोटांचे ठसे रेघांसकट काळे उमटतात आणि आजूबाजूचा पत्रा त्यांच्याइतका गडद होईपर्यंत, म्हणजे एखादे वर्ष, भिंतीवर राहतात. सिमेंटच्या शिंतोड्यांचेही तसेच. म्हणून प्लास्टर, रंग आणि फरशीचे सगळे काम संपल्यावरच तांबे चढवावे.

यापुढचा धोका म्हणजे दुसऱ्या धातूंचा शेजार, आणि तांब्याची जी कामे फसतात त्यांतील बरीचशी इथेच फसतात. तांबे हा उदात्त धातू आहे. पाण्याच्या साक्षीने तो लोखंड, जस्त किंवा ॲल्युमिनियम यांना भिडला की तांब्याला काही होत नाही, समोरचा धातू गंजतो. न्यूयॉर्क बंदरातील 1886 च्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचे उदाहरण जगभर याचसाठी शिकवले जाते. सुमारे 2.4 मिलिमीटर जाडीचे तिचे तांबे शंभर वर्षांनंतरही शाबूत होते, पण आतला लोखंडी सांगाडा तांब्यापासून अलग ठेवणारा थर कुजल्यावर सांगाडा गंजून फुगला आणि रिव्हेटे निसटू लागली. 1986 मध्ये पूर्ण झालेल्या दुरुस्तीत त्या लोखंडी पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या घातल्या गेल्या. धरमपेठेतल्या एका बंगल्याच्या पोर्चवर मी हेच लहान प्रमाणात पाहिले आहे. ठेकेदाराने तांब्याचा पत्रा गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी स्क्रूंनी बसवला होता. प्रत्येक स्क्रूभोवती आधी पांढरी भुकटी, मग तांबडे वर्तुळ, आणि शेवटी डोकी गळून पडून पत्रा वाऱ्यावर खडखडू लागला. पत्रा उतरवून पाहिला तर तांबे नव्यासारखे होते.

केवळ स्पर्श टाळून भागत नाही. तांब्यावरून ओघळलेल्या पाण्यात तांब्याचा अंश असतो आणि ते पाणी खालच्या गॅल्व्हनाइज्ड किंवा ॲल्युमिनियमच्या वस्तूवर ठिबकत राहिले, तरी तीच गत होते. नागपूरच्या घरात अशा वस्तू ठरलेल्याच: खिडकीला लावलेल्या कूलरची गॅल्व्हनाइज्ड टाकी, एसीचे बाहेरचे युनिट, सोलर पॅनलच्या ॲल्युमिनियम चौकटी आणि त्यांचा सांगाडा. तांब्याचे छप्पर वर आणि सोलर खाली, अशी मांडणी करू नये. सोलर वर, तांबे खाली चालते. कारण ॲल्युमिनियमवरून आलेल्या पाण्याने तांब्याचे काही बिघडत नाही. वळचणीला तांब्याचीच पन्हळ आणि तांब्याचाच उतरता पाइप लावून पाणी थेट जमिनीपर्यंत न्यावे, मध्ये कुठेही गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा तुकडा जोडू नये. उलट दिशेचा धोका एकच आहे: गच्चीवर उघडे बिटुमेनचे (डांबरी) वॉटरप्रूफिंग असेल, तर उन्हाने जुन्या झालेल्या त्या थरावरून येणारे पाणी आंबट असते, आणि कल्हई नसलेल्या भांड्यात ताक कळकावे तशी त्याची तांब्यावर प्रक्रिया होते. पाणी रोज त्याच वाटेने पडले तर पन्हळीला भोक पडते.

या पाण्याचा विचार घराच्या इतर भागांसाठीही करावा लागतो. पांढऱ्या संगमरवरावर, चुनखडीच्या दगडावर किंवा फिकट रंगाच्या भिंतीवर ते ओघळले की हिरवट-निळे डाग पडतात आणि ते पूर्ण निघत नाहीत. आपल्या आराखड्यात पोर्चच्या छत्रीखाली पांढऱ्या फरशीची पायरी दाखवली आहे, ती काळ्या बेसॉल्टची करावी. पावसाचे पाणी साठवून वापरणार असाल, तर तांब्याच्या छपराचे पाणी पिण्याच्या टाकीत घेऊ नये. आपल्या आयएस 10500 मानकात पिण्याच्या पाण्यातील तांब्याची इष्ट मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आणि पर्यायी स्रोत नसल्यास 1.5 मिलिग्रॅम आहे, आणि पहिल्या पावसाचे पाणी ही मर्यादा सहज ओलांडू शकते. बागेत माशांचे कुंड असेल तर त्यातही हे पाणी सोडू नका, मासे आणि शेवाळ दोघांनाही ते बाधते.

आकाशातून पडणाऱ्या विजेच्या बाबतीत एक खुलासा आवश्यक आहे, कारण तांब्याचे छप्पर असले की वेगळी वीजसंरक्षक व्यवस्था नको, असे बऱ्याच जणांना वाटते. आयएस/आयईसी 62305 या वीजसंरक्षणाच्या मानकानुसार 0.5 मिलिमीटरहून जाड तांब्याचे सलग छप्पर वीज झेलण्याचे काम करू शकते, पण वीज पडलेल्या जागी पत्रा वितळून भोक पडणार नाही, याची हमी 5 मिलिमीटर जाडीलाच मिळते. त्यामुळे छप्पर खाली अर्थिंगला नीट जोडलेच पाहिजे, आणि पत्र्याखाली पेट घेणारे काही असेल तर वेगळी वीजवाहक काठीही बसवली पाहिजे. विदर्भात वीज पडण्याचे प्रमाण पाहता यात काटकसर नको.

खर्चाचा हिशेब वजनावरून करा. 0.7 मिलिमीटरचा पत्रा दर चौरस मीटरला सुमारे 6.3 किलो भरतो. घड्यांत जाणारा पत्रा धरून 7 किलो धरा. म्हणजे 100 चौरस मीटर छपराला 700 किलो तांबे. त्याला त्या दिवसाच्या बाजारभावाने गुणा, त्यात पत्रा तयार करण्याचा आकार, मजुरी आणि खालचे थर मिळवा. लंडनच्या बाजारात मे 2024 मध्ये तांबे टनाला 10,000 डॉलरच्या वर गेले होते, त्यामुळे निविदेत भावाची तारीख लिहून घेणे महत्त्वाचे. भंगारात तांब्याची किंमत मोठ्या प्रमाणात परत मिळते हे खरे आहे, आणि त्याच कारणाने ते चोरीलाही जाते. बांधकाम सुरू असताना पत्रा जागेवर साठवू नका आणि हाताला लागणारे उतरते पाइप शेवटी बसवा. बाजारात मिळणारे तांब्याच्या रंगाचे एसीपी (ॲल्युमिनियमचे संयुक्त पॅनल) हा पर्याय म्हणून मी सुचवत नाही. ते ॲल्युमिनियम आहे, त्याचा रंग जुना होत नाही, फक्त उडतो. शिवाय त्याच्या पोटात पॉलिथिलीन असेल तर ते आग पसरवते. लंडनमधील ग्रेनफेल टॉवरमध्ये 2017 साली 72 माणसे दगावली, त्यात अशाच पॅनलचा मोठा वाटा होता.

तांब्याचा खरा आनंद हाताशी येतो, म्हणून माझा कल तिकडे आहे. आपल्या देशात छपराला तांबे नवे नाही. केरळमधील मंदिरांच्या गाभाऱ्यांवर तांब्याची छपरे आहेत आणि दिल्लीत राष्ट्रपती भवनाचा घुमटही तांब्याने मढवलेला आहे. पण ठोकून घडवलेला पत्रा ही आपल्याकडची वेगळी विद्या आहे. पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर ज्याला मठारकाम म्हणतात, ते गोल ठोक्यांचे काम पत्र्याला कठीणपणाही देते आणि उजेड तोडून त्यावर पडणारे पोचे-ओरखडे लपवते. आपल्याकडे भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या आणि इतवारीतल्या भांडी घडवणाऱ्यांना मुख्य दाराचा पत्रा, देवघराची चौकट, जिन्याचा कठडा अशी कामे देता येतात. दाराच्या मुठी आणि कठडे तांब्याचे किंवा पितळेचे, लॅकर न मारलेले ठेवावेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2008 मध्ये तांब्याच्या मिश्रधातूंची जंतुनाशक म्हणून नोंदणी केली. नियमित स्वच्छ केलेल्या पृष्ठभागावर 2 तासांत 99.9 टक्क्यांहून अधिक जिवाणू मरतात, हा त्यामागचा निष्कर्ष. घरात याचे महत्त्व मर्यादित, पण आपण डॉक्टर आहात आणि तळमजल्यावर दवाखाना करणार आहात, तेव्हा तिथल्या दारांना हे नक्की करावे.

आपल्या घरापुरते सांगायचे तर मुख्य छप्पर कौलारू किंवा रंगीत पत्र्याचे ठेवा, रस्त्याकडची सबंध भिंत मढवण्याचा विचार सोडा, आणि पोर्चची छत्री, तिची पन्हळ, मुख्य दार व मुठी एवढेच तांब्याचे करा. छत्री नजरेच्या जवळ असल्याने तिचा रंग रोज दिसेल, आणि 12-15 चौरस मीटरच्या कामाला सर्वोत्तम कारागीर परवडेल. ठेकेदार ठरवण्याआधी त्याच्याकडून 1 मीटर लांब-रुंद नमुना करून घ्या, ज्यात एक उभी घडी, पन्हळीचा एक कोपरा आणि भिंतीला भिडणारी एक कड असेल. तो जूनच्या आधी बांधकामाच्या जागी उतारावर बसवून ठेवा, ऑक्टोबरमध्ये उघडून खालचे प्लाय ओले झाले का ते पाहा, रंग सारखा उतरला का आणि ओघळ कुठे पडला ते तपासा, आणि त्यानंतरच उरलेल्या पत्र्याची ऑर्डर द्या.